पाच बोटांची सहल

गेल्या वर्षीच्या सहलीत एकही मूल हरवलं नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती. धरणाजवळच्या बागेतून निघताना भूगोलाच्या सरांनी नेहमीसारखी शिट्टी वाजवली, मुलांना बसमध्ये चढवलं आणि मधल्या वाटेने चालत, एकेकाच्या डोक्यावर टपली मारत मोजणी केली. आकडा बरोबर आला. बस निघाली, गाणी झाली, दोघांना उलट्या झाल्या, सगळं रीतसर पार पडलं. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी पालक आपापली मुलं घेऊन गेले आणि शेवटी एक मुलगा उरला आणि एक आई उरली. पण ती दोघं एकमेकांची नव्हती.

त्या दिवशी त्याच बागेत आणखी एका शाळेची सहल आली होती. गणवेश तोच, आकाशी सदरा आणि गडद निळी पँट. चेंडू खेळता खेळता दोन मुलांची गट्टी जमली आणि आपण बस बदलली तर कोणाच्या लक्षात येतं का ते बघू, असं दोघांनी ठरवलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मोजणी दोन्हीकडे चोख होती. हे सगळं निस्तरून मुलं आपापल्या घरी पोचेपर्यंत चार तास गेले. आपला पठ्ठ्या परत आला तो खुशीत. तिकडच्या बसमध्ये खिडकी मिळाली, असं त्याने आईला सांगितलं. आईने पुढे काय केलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. मोठ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी सहली बंद केल्या. भूगोलाच्या सरांनी शिट्टी खणात टाकली आणि तेव्हापासून ते शिक्षकांच्या खोलीत जरा कमीच बोलू लागले.

हे सगळं विज्ञानाच्या बाईंनी नुसतं ऐकलं होतं, कारण त्या यंदाच या शाळेत आल्या होत्या. सातवीला त्या प्रकाश शिकवत होत्या. दीपगृहातलं भिंग त्यांनी फळ्यावर काढलं. अखंड काचेचा गोळा नव्हे, पायऱ्या-पायऱ्यांची वलयं एकात एक बसवलेली. एवढासा दिवा, पण त्याचा झोत कित्येक मैल लांबच्या जहाजाला दिसतो तो या वलयांमुळे. वर्गात एक मुलगी होती, तिला प्रत्येक गोष्टीत काही ना काही विचारायचं असायचं, म्हणून तिचं नावच शंका पडलं होतं. शंकाने हात वर केला.

"बाई, तुम्ही पाहिलंय हे भिंग?"

"नाही. पुस्तकात पाहिलंय."

"मग ते असतं कशावरून?"

बसने दोन तासांवर, समुद्राकाठी एक जुनं दीपगृह होतं आणि त्यात ते भिंग अजून फिरत होतं. शाळा सुटल्यावर त्या सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

मोठ्या बाई घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. त्यांनी हात उताणा करून वेळ पाहिली. "बोला. पाच मिनिटं आहेत."

"सातवीची सहल न्यायची आहे. दीपगृहाला."

"सहली बंद आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं. का बंद आहेत तेही सांगितलं. पण चूक सहलीची नव्हती, मोजण्याच्या पद्धतीची होती."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"आकडा बरोबर आला म्हणजे माणसं बरोबर आली असं होत नाही. सरांनी डोकी मोजली. कोणाची डोकी, ते नाही मोजलं."

"मग तुम्ही काय करणार? नव्वद मुलांची तोंडं पाठ करणार?"

"मी नाही. मुलंच करतील. प्रत्येकाने फक्त चार."

बाई मोजकं बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याला पुढचं विचारावंच लागायचं. मोठ्या बाईंनी विचारलं. पाच मिनिटांची वीस झाली. शेवटी त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"ठीक आहे. एक सहल. पण माझी अट ऐका. मोजणीत एकाचाही घोळ झाला, तर मी इथे आहे तोवर या शाळेत सहल हा शब्द पुन्हा निघणार नाही. पाचवीची नाही, सातवीची नाही, कोणाचीच नाही. आणि मग रुसून बसायचं नाही."

"नाही बसणार," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण एका वर्गाची सहल मागायला गेलो होतो आणि सगळ्या शाळेच्या सहली पैजेवर लावून आलो.

रविवारी सकाळी त्यांनी घरातलं जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि सासूबाईंचा बटणांचा डबा मागून घेतला. सासूबाई कपडे शिवायच्या. डब्यात नाना रंगांची बटणं होती. बाईंनी नव्वद लहान बटणं मोजून बाजूला काढली आणि टेबलावर खडूने दोन लांब चौकोन आखले.

"हे काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, रविवारी बंद.

"बस आहेत या. ही मुलं."

"बरीच शांत आहेत."

"तू बस लांब. हात लावू नकोस."

आजवर शाळेत मुलांच्या जोड्या लावायची पद्धत होती. हात धरा आणि चला. पण बसमध्ये बाकं होती एका बाजूला तीनांची आणि दुसऱ्या बाजूला दोनांची. जोड्या लावल्या की तिनाच्या बाकावर एक जोडी आणि दुसऱ्या जोडीतला एक बसायचा, त्याचा जोडीदार तिसरीकडे, आणि मग तो आपल्या जोडीदारासाठी सगळी बस धुंडाळत फिरायचा. त्याआधीच्या सहलींत भूगोलाच्या सरांच्या टपल्या दोनदा खाणारी मुलं होती ती हीच. बाई तासभर बटणं सरकवत होत्या. दोन-दोन, चार-चार, सहा-सहा. काही ना काही उरायचंच.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच टेबलाकडे बघत राहिल्या.

"अगं, एका ओळीत पाच बसतात ना? मग पाचाचे गट कर. ओळ भरली की गट भरला."

बाईंनी मान वर केली. त्या मघापासून गटांचा विचार करून मग त्यांना बसमध्ये बसवत होत्या. बसचा विचार करून गट करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांना आठवलं, की दीपगृहाच्या सज्जात एका वेळी दहाच मुलांना सोडतात. दहा म्हणजे दोन गट. आता सगळं खटाखट बसत गेलं. अठरा गट, नऊ एका बसमध्ये, नऊ दुसरीत.

"आणि ही दहावी ओळ रिकामी का?" सासूबाईंनी विचारलं.

"ती मोठ्या माणसांची. एका बसमध्ये पाच शिक्षक."

"मग त्यांना कोटाची बटणं घे. मोठी माणसं मोठी दिसली पाहिजेत." सासूबाईंनी स्वतःच डब्यात हात घालून दहा काळी बटणं शोधली आणि दोन ओळींत ठेवली. एक फुटकं निघालं. "हे तुमचे भूगोलाचे सर," त्या म्हणाल्या.

"आई," बाई म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

नवरा लांबूनच म्हणाला, "दोघी मिळून माझ्या दुकानाचंही काही बघा. तिथे गिऱ्हाईकं कुठल्याच ओळीत बसत नाहीत."

सोमवारी बाईंनी सातवीच्या मुलांना आपापला पंजा समोर धरायला सांगितला.

"एका गटात पाच जण. एकेक जण म्हणजे एकेक बोट. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. पाची मिळून एक मूठ. अंगठ्याने इतर चौघं आहेत का ते बघायचं. चौघं दिसली की मूठ वर करायची. एक जरी नसलं, तर मूठ वर जाणार नाही. कोणी डोकी मोजणार नाही. मी फक्त मुठी बघणार."

"बाई, अंगठाच हरवला तर?" शंकाने विचारलं.

"तर मूठ वर कोण करणार? कोणीच नाही. म्हणजे ते मला लगेच कळेल."

शंकाने थोडा विचार केला आणि ती खाली बसली. हे क्वचितच घडायचं.

मुठीत कोणाला कोणाबरोबर घालायचं, हा खरा डोकेदुखीचा भाग होता. बाईंनी प्रत्येकाला दोन मित्रांची नावं चिठ्ठीवर लिहायला सांगितली आणि त्यातला एक तरी मिळेल असा शब्द दिला. एकाने दोन्ही जागी फाटकाजवळच्या कुत्र्याचं नाव लिहिलं. गेल्या वर्षी बस बदलून गेलेल्या पठ्ठ्याने एका जागी त्या दुसऱ्या शाळेतल्या मित्राचं नाव लिहिलं. बाईंनी त्याला शंकाच्या मुठीत टाकलं. शंका त्या मुठीचा अंगठा होती. तिच्या नजरेतून माशीसुद्धा सुटली नसती.

मग आठवडाभर शाळेत मुठींचं वेड लागलं. मधली सुट्टी संपली की मैदानावर अठरा मुठी वर जायच्या. नळावर पाणी प्यायला मूठ जायची, ग्रंथालयात मूठ जायची. एकदा एका करंगळीने तासाला दांडी मारायचा बेत केला तर उरलेल्या चार बोटांनी त्याला शर्टाला धरून वर्गात आणलं. भूगोलाचे सर हे सगळं खिडकीतून बघायचे. एक दिवस ते हळूच म्हणाले, "बाई, दुसऱ्या बसमधल्या मोठ्यांच्या ओळीचा अंगठा मी झालो तर चालेल का?"

"मी तुम्हालाच विचारणार होते," बाई म्हणाल्या. हे खरं नव्हतं, पण सरांनी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पुन्हा आपला जुना विनोद सांगितला, आणि सगळ्यांनी तो पुन्हा सहन केला.

सहलीच्या दिवशी सकाळी दोन्ही बस वेळेवर आल्या. मुलं ओळीओळीने चढली, मुठी वर गेल्या, बाईंनी अठरा मोजल्या. मोठ्यांच्या दोन मुठीही वर गेल्या. आता निघायचं, तेवढ्यात मोठ्या बाई हातात पिशवी घेऊन फाटकातून आल्या.

"मीही येणार आहे," त्या म्हणाल्या. "पद्धत बघायची म्हणजे आत बसूनच बघायला हवी."

बाईंच्या डोळ्यांसमोर टेबल उभं राहिलं. एकही जागा रिकामी नव्हती.

पहिल्या बसच्या चालकाने तोडगा काढला. त्याच्या शेजारी एक घडीची खुर्ची होती, ती त्याने पाडून दिली. "बसा बाई. इथून सगळा रस्ता दिसतो. फक्त मला गाडी कशी चालवायची ते सांगू नका."

"वेगमर्यादा पाळलीत तर नाही सांगणार," मोठ्या बाई म्हणाल्या आणि बसल्या.

दीपगृह दिसलं तसा दोन्ही बसमध्ये एकच गलका झाला. उंच, पांढरं, मध्ये एक लाल पट्टा. खाली खडक आणि खडकांतल्या डबक्यांत खेकडे. दोन मुठी वर जायच्या, उरलेल्या सोळा खाली खेकडे बघायच्या, डबे खायच्या, वाळूत उड्या मारायच्या. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. दीपगृहाचा रखवालदार दाराशी उभा राहून मुलांना आत सोडायचा आणि प्रत्येकाला तीच सूचना द्यायचा, "भिंगाला बोट लावायचं नाही. ते माझ्या आजोबांपेक्षा म्हातारं आहे आणि त्यांच्यापेक्षा तापट आहे."

बाई पहिल्याच दोन मुठींबरोबर वर गेल्या. गोल जिना चढून दम लागला, आणि मग समोर ते भिंग उभं होतं, माणसापेक्षा उंच, काचेची वलयं एकात एक. ते फिरलं तसे भिंतीवर आणि मुलांच्या तोंडांवर रंगांचे पट्टे सरकत गेले. शंकाने हात पुढे करून त्यातला एक पट्टा तळव्यावर घेतला. बाईंना वाटलं, आता बाकी काहीही झालं तरी हे झालं.

मोठ्या बाई मात्र दिवसभर खाली दाराशीच. किती वर गेले, किती उतरले, मुठी जुळतात का. एकदाही घोळ झाला नाही. शेवटची मूठ उतरली तेव्हा त्या बाईंजवळ आल्या. "येताना पहिल्या बसमध्ये होते, जाताना मी दुसरीत बसेन. तिथेही चालकाशेजारी घडीची खुर्ची आहे, आणि तिथली पद्धत अजून बघितली नाही."

"हो बाई," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. तेवढ्यात कोणाची तरी चप्पल डबक्यात पडली, आणि ही गोष्ट भूगोलाच्या सरांना सांगायची राहून गेली.

निघायची वेळ झाली. पहिल्या बसमध्ये नऊ मुठी वर, दुसऱ्या बसमध्ये नऊ मुठी वर, मोठ्यांच्या दोन मुठी वर. भूगोलाच्या सरांनी दुसऱ्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली. दोन्ही बस निघाल्या. बाईंनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. जमलं होतं.

थोड्या वेळाने शंकाचा आवाज आला. तिची मूठ चालकाच्या मागच्याच ओळीत होती.

"बाई, पिशवी वाजतेय."

घडीच्या खुर्चीवर मोठ्या बाईंची पिशवी होती. सकाळपासून तिथेच राहिली होती. तिच्यातून फोनची घंटा वाजत होती.

"राहू दे. मोठ्या बाई दुसऱ्या बसमध्ये आहेत. पोचल्यावर देऊ."

घंटा थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा थांबली, पुन्हा वाजली.

"बाई," शंका म्हणाली, "मोठ्या बाई कोणाच्या मुठीत आहेत?"

बाईंनी घाईने स्वतःचा फोन काढून भूगोलाच्या सरांना लावला.

"सर, मोठ्या बाई तुमच्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडे?" सर म्हणाले. "त्या तुमच्याकडे आहेत ना?"

पिशवी अजून वाजत होती. बाईंनी चालकाशेजारच्या खुर्चीपाशी जाऊन ती उघडली आणि फोन कानाला लावला.

"हॅलो?"

"उचललात एकदाचा," मोठ्या बाईंचा आवाज आला. मागे वारा घोंघावत होता. "मी बोलतेय. दीपगृहावरून. हा रखवालदारांचा फोन आहे. मला कोणाचाच नंबर पाठ नाही, फक्त माझाच आहे, म्हणून मी मलाच फोन लावत होते."

"बाई, मी... आम्ही आत्ता वळतो. चालकदादा, बस वळवा."

"इथे कुठे वळवू?" चालक म्हणाला. "रस्ता बघा केवढा आहे."

"वळवू नका तिथे," फोनमधून आवाज आला. "मला सगळं वरून दिसतंय. तुमच्यापुढे एक वळण आहे, त्याच्या पलीकडे पिवळं घर आहे. घरासमोर मोकळी जागा आहे. तिथपर्यंत जा."

बाईंनी सूचना चालकाला सांगितली. चालकाने कपाळाला हात लावला. "म्हणजे शेवटी गाडी कशी चालवायची ते सांगितलंच."

"काय म्हणतायत ते?" फोनमधून प्रश्न आला.

"काही नाही बाई. वेगमर्यादा पाळतायत."

पिवळं घर आलं. समोर खरंच मोकळी जागा होती. मोठ्या बाई वरून बोलत होत्या, बाई ते चालकाला सांगत होत्या, आणि मागे नऊ मुठींनी खिडक्यांना नाकं लावली होती. डावीकडे. अजून डावीकडे. आता मागे घ्या, मागे कोणी नाही. पहिली बस वळली. मग दुसरीची पाळी. भूगोलाचे सर खाली उतरून हातवारे करत होते, आणि मोठ्या बाई फोनवर म्हणत होत्या, "सरांना सांगा, त्यांचा हात उलट चाललाय." दुसरी बसही वळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लांब दीपगृहाच्या सज्जात एक पांढरा रुमाल हलत होता.

परतीचा तेवढासा रस्ता बाईंना फार लांब वाटला. मुलं मजेत होती. मोठ्या बाई हरवल्या ही त्यांच्या दृष्टीने सहलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. बाई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. अट सरळ होती. मोजणीत एकाचाही घोळ. पुढच्या वर्षीची पाचवी, सहावी, सातवी, सगळ्यांच्या सहली त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेल्या. आपण नव्वद मुलं सांभाळली आणि सगळ्यात मोठं माणूस विसरलो. हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

मोठ्या बाई पायथ्याशी उभ्या होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात रखवालदाराच्या चहाचा पत्र्याचा पेला. बाई खाली उतरून सरळ त्यांच्यासमोर गेल्या.

"बाई, चूक माझी आहे. तुम्ही बस बदलणार होता हे मला माहीत होतं. मी सरांना सांगितलं नाही."

मागून सर धावत आले. "मोठ्या बाई, अट मुलांची होती. मुलं सगळी आहेत. अठराच्या अठरा मुठी. मी स्वतः पाहिल्या."

"नाही सर," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "अट एकाचाही घोळ होऊ नये अशी होती. मोठ्या बाई एक आहेत."

गप्प बसला असतात तर बरं झालं असतं, अशा नजरेने सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी चहाचा घोट घेतला.

"या बाईंना कोणी खोटं बोलायला शिकवलंच नाही का?"

"विज्ञान शिकवतात ना," सर म्हणाले.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे निघायच्या तयारीत होतात, आणि मला वाटलं, दिवसभर मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, वर काय आहे ते बघितलंच नाही. म्हटलं, पटकन जाऊन येऊ. कोणाला सांगितलं नाही. सांगायची सवय नाही मला. एकोणीस वर्षं मी सगळ्यांना मोजतेय, मला कोणी मोजायचं असतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं."

"आम्ही निघालो तेव्हा तुम्ही वर होतात?" बाईंनी विचारलं.

"सज्जात. तुमच्या बस जाताना दिसल्या. काड्यापेट्यांसारख्या." त्यांनी पेला रखवालदाराच्या हातात दिला. "आणि आता तुम्ही खरं बोललात म्हणून मीही बोलते. बस निघाल्यावर मी लगेच फोन लावला नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिले. खाली समुद्र, मागे ते भिंग फिरतंय, आणि मोजायला कोणी नाही. किती वर्षांनी असं उभं राहिले, मला आठवेना."

रखवालदार म्हणाला, "मी म्हटलं यांना, तुमच्या गाड्या गेल्या. तर म्हणाल्या, दोन मिनिटं थांबा."

भूगोलाचे सर हसू दाबायला समुद्राकडे बघू लागले.

"मग अट?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं. त्यांना विचारल्याशिवाय राहवेना.

"अट मी घातली आणि मीच मोडली. न सांगता गट सोडून गेले. तुमच्या जागी मी असते तर मला एक महिना वर्गाबाहेर उभं केलं असतं." मोठ्या बाईंनी मनगट उताणं करून घड्याळ पाहिलं, मग बहुधा पाहिलेलं विसरल्या, कारण पुन्हा पाहिलं. "सहली बंद करून मला इथे परत कोण आणणार आहे? चला, अंधार पडायच्या आत पोचायला हवं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मुलांना काही सांगायला लागलं नाही. खिडक्यांतून सगळं ऐकून झालं होतं. दोन्ही बसमध्ये आपोआप मुठी वर गेल्या, आणि शंकाची मूठ सगळ्यात उंच, बाकावर चढून.

या वेळी भूगोलाचे सर घडीच्या खुर्चीवर बसले आणि मोठ्या बाई मोठ्यांच्या ओळीत, विज्ञानाच्या बाईंच्या शेजारी. पहिल्या बसमधला एक शिक्षक सरांच्या जागी दुसऱ्या बसमध्ये गेला. बाईंनी हा बदल दोन्ही बसमध्ये जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. चालकाने आरशात बघून विचारलं, "सगळे आहेत? मोठ्या बाई आहेत?"

"आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

बस निघाली. मुलं गाणं म्हणायला लागली. मोठ्या बाईंनी दुसऱ्या कडव्यापासून सूर लावला, आणि तो मुळीच वाईट नव्हता. पिवळं घर आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून ती मोकळी जागा आपल्या मालकीची असल्यासारखी बघितली.

थोड्या वेळाने गाणं थांबलं. मागची मुलं पेंगू लागली. मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आठवीचा पट किती आहे?"

"अठ्ठ्याऐंशी."

"पाचाने भाग जात नाही."

"नाही."

"मग कसं करणार?"

बाईंनी मनात ओळी मांडल्या. "सतरा मुठी पूर्ण होतात. तीन मुलं उरतात. त्यांच्या मुठीत दोन मोठी माणसं घालावी लागतील."

मोठ्या बाईंनी पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"एक मी," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण, ते तुम्ही ठरवा."